मुलगा अंटार्क्टिकाला चाललाय, सोबत काय द्यावं?

बंदरावरचा मेकॅनिक:
नमस्कार मंडळी, देवगडहून लिहितोय. थोरला मुलगा डिझेल मेकॅनिक म्हणून अंटार्क्टिकाला निघालाय, आपल्या मैत्री स्टेशनवर, नोव्हेंबरात जाणार तो वर्षभराच्या वरच तिकडे. वास्कोच्या ध्रुवीय केंद्रातून निवड झाली, मग मेडिकल, मग औलीला बर्फातलं ट्रेनिंग, परवा घरी आला तर नाकाची सालटं निघालेली. १९८१ ला पहिली मोहीम गोव्याहूनच निघाली तेव्हा मी शाळेत होतो, पेपरात फोटो बघितलेला, आणि आता तिकडे माझा पोरगा.

लहानपणापासून माझ्यासोबत बंदरावर यायचा. नववीत असताना ट्रॉलरच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून म्हणाला, बाबा नोझल गेलाय, आणि खोलून बघतो तर नोझलच. मी तेव्हा काही बोललो नाही, कामाला लागलो. तिथे म्हणे जनरेटर बंद पडला तर उजेड, पाणी, ऊब सगळंच जातं. एवढ्या माणसांचा जीव त्याच्या हातात, हे डोक्यात आलं की झोप उडते आणि छातीही भरून येते.

विचारायचं हे की घरात हिने आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, मसाला असं सगळं बांधून ठेवलंय, वर तुळशीतली चिमूटभर माती. नेऊ देतात का? आणि थंडीत फोन लागतो का?

हिवाळी रत्नागिरीकर:
काका, अभिनंदन! मी एक हिवाळा मैत्रीवर काढलाय. माती मात्र देऊ नका, बियाणंही नको. अंटार्क्टिक कराराचा १९९१ चा पर्यावरण प्रोटोकॉल आहे, मातीतून जंतू आणि बिया तिकडे जाऊ नयेत म्हणून फार कडक असतात. बाकी खाण्याच्या वस्तूंची यादी करून केंद्रात आधी विचारून घ्या. शिधा तिथे भरपूर असतो पण ताजं काही नाही, जूनपर्यंत तोंडाची चवच जाते, तेव्हा आमसुलं आणि नारळाच्या दुधाची पावडर मिळून सोलकढी होते, मी ती पिऊन रडलोय. फोन सॅटेलाइटवरून लागतो, वादळात दोन-चार दिवस नाही लागला तर घाबरू नका. जनरेटरही एकच नसतो, आलटून पालटून चालवतात.

मालवणची वहिनी:
झिलान गावाचा नाव काढल्यान हो! मैत्रीवर मे अखेरपासून दोनेक महिने सूर्य उगवत नाही असं वाचलंय. आपली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे तुमच्या बोटी वर ओढलेल्या असतील तेव्हाच त्याचा काळोख. ते दिवस तुम्हाला रिकामे असतात, तेव्हाच जास्त बोला त्याच्याशी, ताईंनाही बोलू द्या.

हिवाळी रत्नागिरीकर:
वहिनी बरोबर बोलल्या. आणि काका, एक पत्र आत्ताच लिहून, पाकीट चिकटवून त्याच्या बॅगेत द्या, वर लिहा '२१ जूनला उघड'. तो तिथला मिडविंटर, सगळी स्टेशनं साजरा करतात. माझ्या आईने दिलं होतं, अजून पाकिटात ठेवतो.

बंदरावरचा मेकॅनिक:
माती हिने परत तुळशीत घातली, डोळे पुसत घातली पण घातली. पत्र लिहायला बसलोय, नोझलची गोष्ट लिहिली, तेव्हा जे बोललो नाही तेही लिहिलं, चार पानं झाली. ती नारळाच्या दुधाची पावडर कणकवलीत मिळेल का कुठे?