देदे एफेंदीला ‘दरबारी भाट’ म्हणणाऱ्यांसाठी

कोमल_ऋषभ:
काल ग्रुपवर ओस्मानी संगीताची एक पोस्ट फिरत होती, त्यात जुन्या तुर्की संगीतातला मोठा रचनाकार हमामीझादे इस्माइल देदे एफेंदीला चार ओळींत निकालात काढलंय. म्हणे हा सुलतानांच्या ताटाखालचं मांजर होता, दरबारी भाट, वारं फिरल्यावर वॉल्ट्झ करून मोकळा झाला, युरोपियन बँडपुढे टिकाव लागेना तेव्हा रुसून मक्केला गेला आणि जुनं तुर्की संगीत त्याच्याबरोबर संपलं. तिथे उत्तर दिलं तर पोस्टवाल्याने हसणारा इमोजी टाकला. म्हणून इथे सविस्तर.

अहो, हा माणूस काय राजवाड्यात जन्मला नव्हता. 1778, इस्तंबूल, बापाचा हमाम. येनीकापीच्या मेव्लेवी (गिरक्या घेणाऱ्या सूफी दरवेशांच्या) मठात अली नुत्की देदेंच्या हाताखाली तयार झाला. तिथे ‘देदे’, म्हणजे पक्का दरवेश, व्हायचं तर 1001 दिवसांची सेवा, ती चालू असतानाच बुसेलिक मकामातलं (मकाम म्हणजे तुर्कांचा राग) त्याचं एक गाणं गावभर झालं आणि सुलतान तिसऱ्या सेलिमच्या कानावर गेलं. सेलिम स्वतः कंपोझर, तान्बूर (तंतुवाद्य) आणि नेय (बासरी) वाजवणारा, सुझिदिलारा मकाम त्याने बांधलेला. असल्या कानाचा माणूस खुशमस्कऱ्याला गायला बोलावत नाही. आणि भाट स्तुती करतात, याने मेव्लेवींच्या सेमासाठी, म्हणजे गिरक्यांच्या विधीसाठी, सात आयीन (त्या विधीच्या मोठ्या रचना) केले. राहिला वॉल्ट्झ. ‘यिने बिर ग्युलनिहाल’ ऐकलंय का पोस्टवाल्याने? रास्त मकामातलं आहे, आणि तीन मात्रांचा सेमाई उसूल (ताल) तुर्कांकडे आधीपासूनच होता, याने त्याला जरा गिरकी दिली इतकंच. यात विकलं काय?

चहाबाज:
लेख झकास, पण वकिली आहे. तारखा तुम्हीच गाळल्यात. 1826 मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने जॅनिसरी (सुलतानाची जुनी फौज) संपवले, त्यांच्याबरोबर त्यांचा मेहतेर हा लष्करी बँड गेला. 1828 मध्ये इटलीहून ज्युझेप्पे दोनिझेत्ती आणला, ऑपेरावाल्या गाएतानोचा भाऊ, दरबारी बँडचा उस्ताद म्हणून. पुढे पाशा झाला. तुमचे देदे तेव्हा कुठे होते? राजवाड्यातच. मक्केला गेले 1846 मध्ये, म्हणजे 18 वर्षांनी. ‘या खेळाची चव गेली’ म्हणाले म्हणे जाताना. चव जायला 18 वर्षं लागतात होय?

कोमल_ऋषभ:
त्या 18 वर्षांत काय केलं ते पण सांगा ना मग. देदेचं फेराहफेझा मकामातलं आयीन त्याच काळातलं, आणि ते करायला सांगणारा कोण, तर तोच महमूद, ज्याने दोनिझेत्ती आणला. म्हणजे एकाच सुलतानाला सकाळी मार्च हवा होता आणि संध्याकाळी आयीन. तुम्हा लोकांना जुनं विरुद्ध नवं अशी कुस्ती लावायचीच असते. दोनिझेत्ती तर तुर्की वादकांना युरोपियन नोटेशन शिकवायचं म्हणून आधी स्वतः हाम्पारसुमचं, म्हणजे तुर्की वादकांना ठाऊक असलेलं, नोटेशन शिकला. आणि ते चव गेल्याचं वाक्य शिष्यांच्या तोंडून पुढे आलेलं आहे, त्याच्या हातचं कुठे लिहिलेलं नाही. आख्खं चरित्र एका ऐकीव वाक्यावर टांगायचं, कमाल आहे. हजला गेलेला म्हातारा माणूस कॉलऱ्याने गेला, ऐन बकरी ईदच्या दिवशी. यात रुसवा कुठे दिसला?

चहाबाज:
बरं, वाक्य ऐकीव म्हणून बाद. मग रचना कशा आल्या हो तुमच्यापर्यंत? त्याही ऐकीवच. त्याने स्वतः एकही लिहून ठेवली नाही.

ठाय_लय:
आता बोललात! पाचशेवर रचना केल्या म्हणतात, हाती त्याहून बऱ्याच कमी. बाकीच्या मेश्कमध्येच गेल्या. मेश्क म्हणजे आपलीच तालीम, मांडीवर उसूल ठोकायचा आणि उस्ताद म्हणेल ते घोकायचं. या रोमँटिक गुरुशिष्य प्रकरणाचा मला मनस्वी राग आहे. आमच्या बुवांनी माझी वही काढून घेतली होती, ‘लिहिशील तर विसरशील’ म्हणून. बुवा गेले, बंदिशी गेल्या, पोराला त्यात रस नव्हता. हाम्पारसुम लिमोनजियानने त्याच काळात, त्याच शहरात सोपं नोटेशन तयार केलं होतं. देदेंनी दहा आयीन-शार्क्या (शार्की म्हणजे गाणं) जरी लिहवून घेतल्या असत्या तर बोटं झिजली असती का?

बर्लिनची_काकू:
ठाय_लय, तुमच्या बुवांचं वाईट वाटलं, पण त्याचं बिल देदेंच्या नावावर फाडू नका. त्यांचा शिष्य झेकाई देदे, झेकाईंचे शिष्य राऊफ येक्ता आणि सुप्ही एझगी, आणि या दोघांनी नोटेशन करून ठेवलं. मधे फक्त एक माणूस. आमच्या शेजारच्या तुर्की आजींना वाचता येत नाही, पण भांडी घासताना ग्युलनिहाल अख्खं म्हणतात, वरच्या जागांसकट. नात त्यांची, जर्मनच झालेली, तीही गुणगुणते. संपलेलं संगीत असं असतं होय?

चहाबाज:
काकू, एक हिट गाणं म्हणजे परंपरा नव्हे. फेराहफेझा म्हणतात का आजी?

बर्लिनची_काकू:
तुम्ही भांडी घासताना बडा ख्याल म्हणता का?

पेटीवाला:
भांडा खुशाल, पण खून खरा 1846 मध्ये नाही, नंतर झाला. 1925 मध्ये मठांना टाळं, म्हणजे आयीन वाजायची जागाच गेली. मग नोव्हेंबर 1934 मध्ये अतातुर्कचं संसदेतलं भाषण, आणि रेडिओवरून अलातुर्का (जुन्या तुर्की पद्धतीचं) संगीत बंद, थेट 1936 पर्यंत. लोकांनी काय केलं? कैरो स्टेशन लावलं. ओळखीचं वाटतंय का? आपल्याकडे मराठी केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले, आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद, लोकांनी रेडिओ सिलोन लावला. सरकारी माणसाला रेडिओचं बटण दिलं की तो पहिल्यांदा लोकांचे कान धुवायला घेतो. आणि सिनेमाचं निदान सगळ्यांना आठवतं, पेटीचं (हार्मोनियमचं) कोण काढतं? 1940 पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी, 1971 मध्ये उठली, तीही अर्धीमुर्धी. माझ्या वडिलांची उमेद त्यात गेली, गावोगाव साथ करायचे आणि रेडिओवर गायक गाताना घरी बसून ऐकायचे.

ठाय_लय:
वडिलांबद्दल आदर आहे, पण पेटीवरची बंदी कारणाशिवाय नव्हती. टागोरांचाही पेटीला विरोध होता. तुर्कांचंच बघा, एका पूर्ण स्वराचे नऊ कॉमे (बारीक भाग) करतात, रास्तमधला सेगाह हा स्वर पियानोच्या पट्टीवर सापडतच नाही. पियानोवर मकाम वाजत नाही तसा पेटीवर दरबारी रागाचा गंधार वाजत नाही.

पेटीवाला:
झालं, आले श्रुतीवाले! दरबारीचा गंधार गळ्यातून तरी किती जणांच्या निघतो? मैफिलीत पेटी चालते, नाटकात चालते, कीर्तनात चालते, फक्त दिल्लीच्या साहेबांना चालत नव्हती. वर म्हणायचं शुद्धतेसाठी. अंकाऱ्याच्या साहेबांचंही हेच, फक्त त्यांना श्रुती नको होत्या आणि तुमच्यांना जास्तच हव्या होत्या. मार खाल्ला वाजवणाऱ्याने.

ठाय_लय:
‘तुमच्यांना’ म्हणजे कोणाला? जरा जपून.

चहाबाज:
हो हो, भांडण बाहेर. पेटीवाले, मुद्दा तुमचा बरोबर आहे पण तो माझ्याच बाजूचा आहे. रेडिओच्या बंदीने जे दोन वर्षांतच मोडकळीला येतं ते आधीच सरकारी पगारावर जगत होतं. राजवाडा गेला, मठ गेला, मग रेडिओ.

कोमल_ऋषभ:
मोडकळीला कुठे आलं? बंदी उठल्यावर त्याच रेडिओवर तेच कलाकार परत आले. 1970 च्या दशकात इस्तंबूलला तुर्की संगीताचं सरकारी कन्झर्व्हेटरी निघालं. पगाराचंच म्हणाल तर बाखही चर्चच्या पगारावर होता, त्याला भाट म्हणा की. हिंमत आहे?

चहाबाज:
बाखला काही म्हणत नाही, इथले लोक मला खातील. ठीक आहे, भाट शब्द मागे. पगारी कर्मचारी म्हणू. उत्तम कर्मचारी. फेराहफेझा ऐकलं रात्री, अर्ध्यात झोप लागली, पण चांगली लागली.

बर्लिनची_काकू:
एवढं कौतुक तुमच्याकडून म्हणजे पेढेच वाटायला हवेत.

कोमल_ऋषभ:
धागा देदे एफेंदीचा आहे याची आठवण करून देतो. पेटीसाठी कृपया वेगळा काढा.

पेटीवाला:
काढलाय. ‘पेटी आणि आकाशवाणी : 31 वर्षांचा हिशोब’. ठाय_लय यांनी श्रुती घेऊन यावं, मी पेटी घेऊन बसलोय.