नाटकातील कृत्रिम पापण्यांमुळे केस विरळ झाले आहेत. पापण्यांचे सीरम वापरावे का?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. आमच्या गावात जत्रेला आणि कालोत्सवाला मराठी नाटके होतात आणि त्यांत मी बरीच वर्षे भूमिका करते. संगीत नाटक असले की कृत्रिम पापण्या गोंदाने चिकटवाव्याच लागतात, आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालत असल्यामुळे शेवटी त्या घाईघाईने ओढून काढल्या जातात. गेल्या दोन हंगामांत माझ्या वरच्या पापण्यांचे केस, विशेषतः बाहेरच्या कोपऱ्याकडे, स्पष्टपणे विरळ झाले आहेत.

केस लांब आणि दाट करण्याचे आश्वासन देणारी अनेक सीरम बाजारात दिसतात आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यातच डिचोलीला राहणाऱ्या माझ्या मामांच्या एका डोळ्यात काचबिंदूसाठी रोज थेंब घालतात आणि फक्त त्याच डोळ्याच्या पापणीचे केस आश्चर्य वाटावे इतके लांब झाले आहेत. तेच थेंब बारीक ब्रशने पापणीवर लावून पाहा, असे मामेबहीण सुचवते. मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, कारण रंगमंचावर चश्मा चालत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (म्हापसा, औषधविक्रेती)

नमस्कार ताई. मी फार्मासिस्ट आहे आणि हा प्रश्न दुकानात वारंवार विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मामांच्या डोळ्याबाबत तुम्ही जे पाहिले, तिथूनच या उपचाराचा उगम झाला आहे. काचबिंदूत डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट असे प्रोस्टाग्लॅन्डिन गटातील थेंब दिले जातात. ते घेणाऱ्या रुग्णांच्या पापण्यांचे केस वाढत असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि जो परिणाम आधी आनुषंगिक मानला जात होता, त्यासाठीच पुढे औषध तयार झाले. ०.०३ टक्के बायमॅटोप्रोस्टला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये विरळ पापण्यांवरील उपचार म्हणून मान्यता दिली. त्याआधीच्या २७८ जणांवरील चाचणीत १६ आठवड्यांनंतर हे औषध लावणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोकांमध्ये ठळक सुधारणा दिसली, तर औषधी घटक नसलेला द्रव लावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. केसांची लांबी सरासरी २५ टक्क्यांनी वाढली होती.

याचे कारण केसांच्या वाढीच्या चक्रात आहे. पापणीचा केस डोक्यावरच्या केसाप्रमाणे वर्षानुवर्षे वाढत नाही. त्याचा वाढीचा टप्पा काही आठवड्यांचाच असतो आणि नंतर तो दीर्घकाळ विश्रांतीत राहून गळून पडतो. बायमॅटोप्रोस्टमुळे वाढीचा टप्पा लांबतो आणि एका वेळी वाढत असलेल्या केसांची संख्याही वाढते. म्हणूनच फरक दिसायला दोन महिने तरी लागतात आणि औषध थांबवले की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत केस पूर्वीच्या स्थितीला येतात.

आता बाजारातल्या सीरमविषयी. बाटली हातात घेतल्यावर पुढची जाहिरात न वाचता मागची घटकसूची वाचावी. तिच्यात ‘प्रोस्ट’ हा अंश असलेले एखादे नाव, उदाहरणार्थ आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट, आढळले तर ते सीरम त्याच गटातील रसायनावर चालते, असे समजावे. २०११ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने हा घटक वापरणाऱ्या एका उत्पादकाला, हे सौंदर्यप्रसाधन नसून औषध ठरते, असे इशारापत्र दिले होते. पेप्टाइड, बायोटिन, पॅन्थेनॉल असे घटक असलेली सीरम तुलनेने सौम्य असतात. त्यांमुळे केस मऊ राहतात आणि कमी तुटतात, त्यामुळे ते भरलेले दिसू शकतात, परंतु त्यांमुळे नवे केस उगवतात असे मानण्याजोगा भक्कम पुरावा नाही. भारी किंमत पाहून विश्वास ठेवू नये, एवढेच मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

मामांची बाटली मात्र कदापि वापरू नका. उघडलेल्या बाटलीत ब्रश बुडवला की तिच्यात जंतू शिरतात, आणि तेच थेंब पुन्हा त्यांच्या आजारी डोळ्यात जाणार. शिवाय ते औषध त्यांना महिनाभर पुरायचे असते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, त्यामुळे त्यांचा एकही थेंब दुसऱ्या कामासाठी खर्ची पडू नये. तुम्हाला ते औषध लागणार असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तुमच्या स्वतःच्या नावावर घ्यावे.

उत्तर (मडगाव, ऑप्टोमेट्रिस्ट)

वरील माहिती योग्य आहे. माझा आग्रह असा, की सीरमचा विचार करण्याआधी केस का गळतात हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्यावे. तुमच्या बाबतीत गोंद आणि ओढाताण हे कारण उघड दिसते, पण त्याच गोंदामुळे पापणीच्या कडेला सूज, खाज आणि केसांच्या मुळाशी कोंड्यासारख्या खपल्या, म्हणजे ब्लेफरायटिस, झालेला असू शकतो. तो असताना वरून कितीही सीरम लावले तरी मूळ दुखणे तसेच राहते. त्यावर पहिला उपाय म्हणजे कोमट पाण्याचा शेक आणि पापण्यांच्या कडांची रोजची स्वच्छता, आणि तेवढ्यानेही अनेकांचे केस सावरतात.

थायरॉइडचे विकार आणि चाई यांमुळेही पापण्यांचे केस जातात. भुवयाही विरळ होत असतील आणि त्वचेवर बधिर चट्टे असतील तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. तो आजार औषधांनी पूर्ण बरा होतो, लाजून घरी बसण्यासारखे त्यात काही नाही. एकाच पापणीवर, एकाच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येत असेल आणि नेमके तिथलेच केस जात असतील, तर मात्र अजिबात उशीर करू नये, कारण क्वचित प्रसंगी तो पापणीतील ग्रंथींचा कर्करोग असतो. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, नेत्रविभाग आहे, तिथेही ही तपासणी करून घेता येईल.

लेन्सबद्दल सांगायचे तर या थेंबांत बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक, म्हणजे औषध खराब होऊ न देणारे रसायन, असते आणि मऊ लेन्स ते शोषून घेतात. औषध लावण्यापूर्वी लेन्स काढाव्यात आणि नंतर किमान १५ मिनिटे घालू नयेत. रात्री झोपताना लावल्यास हा प्रश्नच उरत नाही. तसेच डोळ्यांचा दाब तपासताना, मी बायमॅटोप्रोस्ट लावते, असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तुमच्या मामांना काचबिंदू आहे म्हणजे तो आजार कुटुंबात आहे आणि तुमचा दाब वेळोवेळी तपासला जाणे गरजेचेच आहे. या औषधामुळे दाब कमी भरला तर निदान हुकू शकते.

उत्तर (साखळी)

ताई, केमोथेरपीनंतर माझे केस परत आले, पण पापण्या विरळच राहिल्या, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मी बायमॅटोप्रोस्ट वापरले. आरशात स्वतःचा चेहरा पुन्हा ओळखीचा वाटणे किती मोलाचे असते, हे त्यातून गेलेल्यालाच कळते, त्यामुळे ही हौस आहे असे कोणी म्हटले तर मनावर घेऊ नका.

पहिले काही आठवडे काहीच फरक दिसला नाही, उलट खाज आणि थोडी लाली आली. पुढे केस खरोखरच वाढले, मात्र वरच्या पापणीच्या कडेला काळसर रेघ उमटली. औषध बंद केल्यावर ती हळूहळू फिकट झाली आणि केसही पूर्ववत झाले, हे आधीच मान्य करून सुरुवात करावी. बुबुळाचा रंग गडद झाला तर तो बदल मात्र कायमचा असू शकतो, आणि दीर्घ वापराने काहींच्या डोळ्यांभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल गेल्यासारखे दिसतात, असे डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच बजावले होते. गरोदर असताना किंवा बाळाला अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

आपल्याकडच्या दमट हवेत घामाबरोबर औषध गालावर ओघळते आणि जिथे ते वारंवार लागते तिथे लव वाढू शकते. म्हणून वरच्या पापणीच्या मुळाशी एकच पातळ रेघ ओढावी, जास्तीचे लगेच टिपून घ्यावे, प्रत्येक डोळ्याला नवा ब्रश घ्यावा आणि खालच्या पापणीला लावू नये. माझ्या आजीने सुचवलेले एरंडेल तेलही मी लावून पाहिले होते. त्याने केस चमकदार दिसले, पण वाढले असे मी म्हणणार नाही, आणि ते डोळ्यात गेले की बराच वेळ धूसर दिसते.

प्रश्नकर्ती (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मामेबहिणीला मी आजच नाही म्हणून कळवले आहे आणि प्रथम डोळे तपासून घेणार आहे. आणखी एकच शंका आहे. जत्रेचे नाटक जवळ आले असून भूमिका सोडता येणार नाही. तोपर्यंत काय करावे?

उत्तर (मडगाव, ऑप्टोमेट्रिस्ट)

तपासणीत पापणीला सूज आढळली तर या प्रयोगाला कृत्रिम पापण्या लावूच नका. रंगभूषाकाराला डोळ्यांची रेघ जाड आणि बाहेर लांबवून काढायला सांगा, मागच्या रांगेपर्यंत ती पोहोचते. सूज नसेल आणि लावायच्याच असतील, तर पूर्ण पट्टीऐवजी बाहेरच्या अर्ध्या भागाची हलकी पट्टी घ्या, गोंद हवेत थोडा सुकू द्या आणि ती केसांवर न चिकटवता त्यांच्या वरच्या त्वचेवर चिकटवा. काढताना मेकअप काढण्याच्या तेलकट द्रवात भिजवलेला कापूस बंद पापणीवर काही वेळ धरून ठेवा, म्हणजे गोंद सैल होऊन पट्टी आपोआप सुटेल. लेन्स त्याआधीच, स्वच्छ हातांनी, काढलेल्या असाव्यात. डॉक्टरांनी औषध सुरू केलेच असेल तर प्रयोगाच्या रात्रीची मात्रा सोडून द्यावी आणि दुसऱ्या रात्री नेहमीइतकीच लावावी. राहून गेलेली भरून काढण्यासाठी दुप्पट लावू नये.