‘असे समजते’: नेमकं कुणाला समजत होतं?

कात्रणवाला: काल एकानं लिहिलं की संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली मराठी वृत्तपत्रं म्हणजे अफवांचा बाजार, पुरावा काय, तर पानोपानी ‘असे समजते’. वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर.

आजोबांनी वहीत चिकटवलेलं जानेवारी 1956 चं कात्रण समोर आहे. एका कॉलमात तीनदा ‘असे समजते’. अहो, 16 जानेवारीला नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करणार असं सांगितलं, तोवर सगळं दिल्लीत बंद दाराआड. बातमीदारानं नाव घालायचं कुणाचं? ‘समजते’ म्हणजे आतल्या माणसानं सांगितलं, ‘कळते’ म्हणजे बाहेरून कानावर आलं, ‘बोलले जाते’ म्हणजे कट्ट्यावरची कुजबुज. आणि ‘म्हणे’ आलं की टर. शिवाय त्याच पानावर सत्याग्रहींना ‘समज देऊन सोडले’, अग्रलेखात दिल्लीकरांचा ‘असा समज असेल तर’, आणि तळाला ‘गैरसमज नसावा’ म्हणून खुलासा. एवढं राबलेला शब्द, आणि तुम्ही त्याला अफवा म्हणता?

रात्रपाळी: उतरंड झकास, फक्त ती तुम्ही आज रचलीत. मी भाषांतराच्या टेबलावर तीस वर्षं काढली. पीटीआय वृत्तसंस्थेच्या तारा इंग्रजीत. ‘इट इज लर्न्ट’ दिसलं की हात आपोआप ‘असे समजते’ लिहायचा. ओळ भरत नसेल तर ‘समजते’, जागा कमी असेल तर ‘कळते’. रात्री दीडला पान सोडताना आतला माणूस नि बाहेरचा माणूस कोण बघतो?

कात्रणवाला: तुम्ही बघत नसाल. सगळ्यांना त्यात ओढू नका.

वकीलीणबाई: दोघेही कौतुकच करताय. ‘समजते’ लावलं की बदनामीतून सुटका, हा भ्रम फार जुना. दंड संहितेच्या बदनामीवरच्या कलम 499 मध्ये अशी पळवाट नव्हती; दुसऱ्याचं ऐकून छापलं तरी छापलंतच ना! माझ्या वडिलांबद्दल तालुक्याच्या एका साप्ताहिकात ‘अफरातफर झाल्याचे समजते’ आलं. खुलासा आला तो चौथ्या पानावर, कापसाच्या भावाखाली. तोवर आई दोन महिने पाणी भरायला भर दुपारी जायची, आडावर कुणी नसताना. उतरंड तिला सांगा.

शीर्षबिंदू: मूळ मुद्दा कुणाच्या लक्षातच नाही. 1956 चं कात्रण आणि ‘असे समजते’? ‘असें समजतें’ हवं! टिंबं काढणारे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 चे. कात्रण खरं आहे ना?

कात्रणवाला: टंकताना टिंबं मी गाळली. कात्रणात आहेत. झालं समाधान?

शीर्षबिंदू: नाही. गाळलीत का? ‘अनुच्चारित’ म्हणे, उच्चारातच नाहीत! आमच्या कोकणात या, नाकातून स्वच्छ ऐकवतो. ‘तें घर’ आणि ‘ते लोक’ हा फरक डोळ्यांना दिसायचा. तो घालवला आणि वर त्याला सुधारणा म्हणायचं.

रात्रपाळी: छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना विचारा. मात्रेवरचं टिंब छापताना तुटायचं, आणि सकाळी तुमच्यासारख्यांची पत्रं यायची. नियम आले तेव्हा आमच्या जुन्या जुळाऱ्यानं पेढे वाटले होते.

शीर्षबिंदू: खिळा झिजतो म्हणून व्याकरण कापायचं? मग जोडाक्षरंही काढा!

पेठेतली: काका, ‘कोकणात या’ म्हणालात, आले असते. पण वरच्या प्रत्येकानं ‘असं’, ‘सगळं’ लिहिलंय. टिंब गेलं कुठे? मात्रा गेली, टिंब राहिलं.

शीर्षबिंदू: ती बोलभाषा. त्यावर मी बोलत नाही.

पेठेतली: बोलताय की दोन प्रतिसाद झाले.

वकीलीणबाई: माझ्या आईचं राहिलंच वाटतं. टिंबं महत्त्वाची.

कात्रणवाला: बरं, मान्य. ‘समजते’ ही ढाल होती आणि ढालीआडून दगडही मारले गेले. पण दिल्लीची बातमी आणि तालुक्यातली चहाडी एका तराजूत घालू नका. अत्र्यांचा दैनिक ‘मराठा’ 15 नोव्हेंबर 1956 ला निघाला तो चळवळीसाठीच, तिथे ‘समजते’ची भीड कुणाला होती? थेट नाव घेऊन ठोकायचे. भित्रेपणा म्हणाल तर सरसकट नव्हता.

रात्रपाळी: म्हणजे ‘समजते’ न लिहिणारं पत्र हा ‘समजते’चा बचाव? वा.

वकीलीणबाई: ‘मान्य, पण’ म्हणजे मान्य नाही. असो. माझी समजुत काढू नका.

शीर्षबिंदू: ‘समजूत’. जू दीर्घ.