काकांचा कॉम्प्युटर: काढलं तरी परत येतंय (सोसायटी ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

शुक्रवार

बी-२०३ काका, खजिनदार (सकाळी ९:१२)
नमस्कार मंडळी. घरचा कॉम्प्युटर चार-पाच दिवस झाले फार त्रास देतोय. सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. पंखा असा घोंगावतो की हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' अशा चौकटी. स्कॅन केला, तीन गोष्टी सापडल्या, काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तीन परत हजर! ऑडिटचे सगळे हिशेब त्यातच आहेत. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची, नोटीस त्याआधी १४ दिवस काढायची. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

सी-१०४ (९:२०)
काका, अजून एक अँटिव्हायरस टाकून बघा. एकाला नाही सापडलं तर दुसऱ्याला सापडेल.

बी-४०१ वहिनी (९:२४)
सरळ फॉरमॅट मारा. आमच्या ओळखीचा मुलगा घरी येऊन करून देतो.

ए-५०२ (९:४१)
काका, थांबा. फॉरमॅट आज नको, आधी हिशेब बाहेर काढू. आणि दोन अँटिव्हायरस एकत्र तर अजिबात नकोत. दोघंही प्रत्येक फाइल तपासायला धावतात, एकमेकांना अडवतात आणि मशीन अजून बसतं. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे तो पुरेसा आहे.
तूर्त तीन गोष्टी करा. मागची इंटरनेटची वायर काढा. त्या मशीनवरून बँक, ईमेल काहीही उघडू नका. आणि त्या चौकटीत फोन नंबर दिला असेल तर तो लावू नका.

ए-३०१ ताई (९:५०)
नंबरचं खरं आहे काका. माझ्या सासऱ्यांनी असाच एक नंबर लावला होता. समोरच्याने गोड बोलून स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावलं आणि बँकेचं पान उघडायला सांगितलं. मी वेळेवर खोलीत आले म्हणून वाचलो. कुणाचे पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकं पैसे अडवणं अवघड.

बी-२०३ काका (१०:०५)
वायर काढली. नंबर लावलेला नाही. पण नेटबँकिंग परवाच त्यावरून केलं होतं. आता धडधडतंय.

ए-५०२ (१०:११)
काका, मोबाइलवरून, घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड आत्ता बदला. ईमेलच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' असतं, तेही करा. ब्राउझरमधली लॉगिनची खूण (जिच्यामुळे परत पासवर्ड विचारत नाही) चोरली गेली असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. उद्या दुपारी माझी शिफ्ट संपते, सातपूरहून निघालो की थेट तुमच्याकडे येतो.

शनिवार

ए-५०२ (सायंकाळी ४:३५)
काका, बोगद्यापाशी अडकलोय, वीस मिनिटं लागतील. मशीन सुरू करून ठेवा, नेट जोडू नका.

ए-५०२ (रात्री ९:१८)
मंडळी, काकांच्या मशीनवर काय निघालं ते सविस्तर लिहितोय. यातलं बरंचसं आपल्या कुणाच्याही घरी असू शकतं.

पहिली गोष्ट पंख्याची. मशीनमध्ये काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप) की पंखा शांत. बंद केला की दोन मिनिटांत परत घूं घूं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे आत जे बसलंय त्याला आपण बघतोय हे कळतं आणि तेवढ्यापुरतं ते गप्प होतं. असं करणारे बहुतेक प्रोग्राम आपल्या मशीनच्या जिवावर दुसऱ्यासाठी क्रिप्टो नाणी काढत असतात. वीज आपली, गरम आपला प्रोसेसर.

मग डिफेंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन्स' पाहिलं. तपासणीतून वगळायच्या जागांची यादी तिथे असते. काकांच्या मशीनवर तिथे अख्खा सी ड्राइव्ह होता! डिफेंडर रोज सी ड्राइव्ह सोडूनच तपासत होता. काका ज्या तीन गोष्टी काढत होते त्या नुसती पानं, खोड तसंच.

आणि मूळ होतं टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या यादीत. तिथे एक नोंद होती. नाव असं की विंडोजचंच अपडेट वाटावं. पण ते काय चालवतं हे पाहिलं तर फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये नाही, काकांच्याच यूजर फोल्डरच्या आत ॲपडेटा, रोमिंग अशा आडबाजूला. दर पंधरा मिनिटांनी आणि लॉगिन केल्यावर चालायचं, आणि काढलेल्या फाइल पुन्हा आणून ठेवायचं. गाजरगवत वरून कापलं की पहिल्या पावसात परत येतं, तसंच.

म्हणून आधी हिशेबाच्या आणि फोटोंच्या फाइल एका नव्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. फक्त एक्सेल, पीडीएफ, फोटो. एकही प्रोग्राम नाही. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, आणि तिथून सेफ मोड. तिथे विंडोज मोजकंच सामान घेऊन चालतं, त्यामुळे हे महाशय सुरूच झाले नाहीत. तो फोल्डर काढला. त्यानंतर नेहमीसारखं सुरू करून शेड्युलरमधली नोंद काढली, वगळलेल्या जागांची यादी रिकामी केली, आणि मग 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपलेलंही सापडायची शक्यता जास्त. साधारण पंधरा मिनिटांचं काम. पाच गोष्टी निघाल्या, त्यातल्या दोन आधी कधीच दिसल्या नव्हत्या.

बी-४०१ वहिनी (९:२६)
बापरे. हे आलं कुठून पण?

बी-२०३ काका (९:३३)
माझ्याकडूनच आलं वहिनी. नोटिसा मराठीत टाइप करायला म्हणून एका साइटवरून फुकटचं टायपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. सोबतच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा. मी केलं.

ए-५०२ (९:३७)
काका, मनाला लावून घेऊ नका. सोसायटीच्याच कामासाठी केलंत. पण सगळ्यांनी हे ध्यानात घ्या: 'अँटिव्हायरस बंद करा' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथेच थांबायचं. क्रॅक केलेलं ऑफिस, विंडोज फुकट चालू करून देणारे प्रोग्राम, सगळ्यांच्या सूचना अशाच असतात.
आणि मराठीसाठी काही उतरवायची गरजच नाही. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्जमधल्या लँग्वेजमध्ये मराठी घ्या आणि तिच्या ऑप्शन्समध्ये तो कीबोर्ड जोडा. इंग्रजी अक्षरांत 'सभा' टाइप केलं की मराठीत उमटतं. काकांना लावून दिलाय.

ए-३०१ ताई (९:४४)
आणि त्या कोपऱ्यातल्या चौकटी? त्या आमच्याकडेही येतात, पण मशीन हळू नाही.

ए-५०२ (९:५२)
ताई, तुमच्याकडे बहुतेक व्हायरस नाही. एखाद्या साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं आणि कुणीतरी 'अलाउ' दाबलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, अनोळखी साइट काढून टाका. लगेच बंद.
काकांच्या क्रोममध्ये मात्र दुखणं खोल होतं. मेनूत खाली 'तुमची संस्था हा ब्राउझर मॅनेज करते' अशी ओळ. घरच्या मशीनला कुठली संस्था? मालवेअरने (त्या घातक प्रोग्रामने) रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, पॉलिसी (ब्राउझरवर लादलेला नियम) घालून ठेवली होती, म्हणून सर्चचं पान बदलता येत नव्हतं आणि त्याने क्रोमला जोडलेलं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) काढायचं बटणच नव्हतं. पॉलिसी काढली, मग एक्स्टेंशन काढलं. आधी सिंक (क्रोमची सेटिंग गूगल खात्यात जपून ठेवणारी सोय) बंद केलं, नाहीतर गूगल खात्यातून ते परत खाली उतरलं असतं.

सी-१०४ (१०:०१)
एवढं करून उद्या परत आलं तर?

ए-५०२ (१०:०६)
तर मात्र वहिनी म्हणतात तेच. दुसऱ्या चांगल्या मशीनवर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घ्यायचं आणि डिस्क पुसून नव्याने टाकायचं. काकांचं विंडोज अस्सल आहे, लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, आपोआप चालू होतं. दोन दिवस वाट पाहू.

सोमवार

बी-२०३ काका (सायंकाळी ६:२०)
दोन्ही दिवस स्कॅन केला, काही नाही. शेड्युलरही पाहिला, ती नोंद परत आलेली नाही. पंखा शांत. पण सुरू व्हायला अजून चार मिनिटं लागतातच.

ए-५०२ (६:३१)
ते मालवेअरचं नाही काका. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली की फरक पडेल. मशीन विंडोज ११ घेत नाही आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, म्हणून बँकेचं काम त्यावर नकोच. मोबाइलवरच करा.

बी-४०१ वहिनी (६:४०)
सोसायटीचा तो निळा पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे. त्यात सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. फॉरमॅट करू?

ए-५०२ (६:४३)
नको वहिनी! फाइल बहुधा आतच आहेत, नुसत्या लपवल्यात. शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप काही चालत नाही, चालवतो आपण, त्या शॉर्टकटवर क्लिक करून. रात्री आणून द्या, मी फाइल काढून देतो. झेरॉक्सच्या दुकानात दर महिन्याला तोच ड्राइव्ह जातो ना? दुकानातल्या मशीनला दिवसभर शंभर ड्राइव्ह लागतात. यापुढे पीडीएफ ईमेलने पाठवू.

बी-४०१ वहिनी (६:४५)
आठ वाजता येते.

बी-२०३ काका (रात्री ८:५५)
सभेची नोटीस नव्या कीबोर्डवर टाइप करून पीडीएफ केली, ग्रुपवर टाकतोय. गणपती झाल्यावर रविवारी, २७ तारखेला, सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये. ताळेबंदाचे आकडे ए-५०२ ने काढून दिलेल्या फाइलशी एकदा ताडून पाहिले, बरोबर आहेत. कुणाला शुद्धलेखनाची चूक दिसली तर उद्या दुपारपर्यंत कळवा, मग छापायला देतो.