बेळगावच्या दुकानाचा लोगो इंग्रजीतच का?

टिळकवाडीकर
स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लोगो आणि वेबसाइट करणारे आम्ही लोक भाषेच्या वादाची सबब पुढे करून आळस झाकतो. निम्मं गिऱ्हाईक मराठी, निम्मं कन्नड, आणि आम्ही काढतो काय? इंग्रजी अक्षरं, सोनेरी रंग, खाली बारीक टॅगलाइन. 'न्यूट्रल दिसतंय सर', की झालं, बिल लावायला मोकळे.

पुढे दुकान उघडायच्या आठवड्यात खरी पाटी करायची वेळ येते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात. कायदा योग्य की अयोग्य हा वाद इथं नको, त्याला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत. माझा मुद्दा कामाचा आहे. रस्त्यावर त्या ब्रँडचं सगळ्यात मोठं दर्शन ज्या लिपीत होणार, तीच डिझायनरने काढलेली नसते. फ्लेक्सवाला त्याच्या मशीनवर नुडी या कन्नड सॉफ्टवेअरचा जो फॉन्ट हाताला लागेल तो टाकतो. मराठी, श्री-लिपी सॉफ्टवेअरच्या फॉन्टात, कुठेतरी कोपऱ्यात. आणि ज्याचे पैसे मोजले तो इंग्रजी लोगो उरलेल्या जागेत दाबून बसवलेला.

म्हणून माझं म्हणणं: लोगो पहिल्या दिवसापासून तिन्ही लिप्यांत एकत्र काढा, आणि सुरुवात कन्नडपासून करा, कारण तीच जागेला सगळ्यात जड. देवनागरीला शिरोरेषा बांधून ठेवते. कन्नडात तशी सलग रेघ नाही, प्रत्येक अक्षराचा तलकट्टू, म्हणजे डोक्यावरची खूण, वेगळा आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं. 'अन्नपूर्णा' घ्या. देवनागरीत न्न शेजारी-शेजारी उभा राहतो आणि रफार वर जातो. कन्नडात दुसरा न ओळीच्या खाली आणि रफाराची खूण अक्षराच्या नंतर. आधी इंग्रजी पट्टी ठरवून त्यात हे कोंबलं की कन्नड बारीक होणारच.

खडेबाजार_कापड
तुम्ही सांगालाय ते ऐकायला झ्याक वाटतंय ओ. पैसे कोण देणार ते सांगा की. एका लोगोला चार हजार म्हणून सुरुवात होते, मग 'सोशल मीडिया किट' म्हणून आणि तीन. आता तीन लिप्या म्हटल्यावर तिप्पट?

आमच्याकडे चंदगड, गडहिंग्लजकडनं लग्नाचा बस्ता बांधायला माणसं येतात. ती लोगो बघून येत नाहीत. आधीच्या लग्नात कुणी घेतलं, उधारी चालते काय, चहा विचारतात काय, एवढंच बघतात. पाटी नियमात बसली, दंड नाही झाला, संपला विषय. तुमची अक्षरं सुंदर असल्यामुळं एक साडी जास्त खपली असं दाखवा, मग बोलू.

टिळकवाडीकर
तिप्पट नाही, दीडपट म्हणा. 'अनेक' आणि 'बालू' या फॉन्ट-घराण्यांत देवनागरी आणि कन्नड दोन्ही एकाच हाताची आहेत, मुंबईच्या एक टाइपची, गूगल फॉन्ट्सवर फुकट. सगळं शून्यातून काढायला कोण सांगतंय? जाडी जुळलेली अक्षरं घ्या, दोन-तीन ठिकाणी हात फिरवा. साडी जास्त खपेल हे मात्र मी सिद्ध करू शकत नाही. कोणताच डिझायनर करू शकत नाही, जो म्हणतो त्याला दारातच थांबवा.

रील_आणि_बजेट
मी याच भागातल्या दुकानांच्या फेसबुक-इन्स्टा जाहिराती चालवते. दादा, तुमचा सगळा लेख पाटीवर उभा आहे. मोबाइलवर लोगोला जागा किती? व्हॉट्सअॅपचा, इन्स्टाचा डीपी गोल. त्यात एक अक्षर मावतं. ते कोणत्या लिपीतलं घेणार? इथंच तुमच्या तीन लिप्या संपल्या.

आणि भाषेप्रमाणे जाहिरात दाखवण्याचा मोह तर सगळ्यांना होतो. मालक सांगतात, 'मराठी जाहिरात मराठी लोकांनाच दाखवा.' तिथे भाषेच्या रकान्यात मराठी निवडली की आपले निम्म्याहून जास्त लोक गळाले समजा. मेटाचा तो रकाना बघतो फोनवरचं अॅप कोणत्या भाषेत ठेवलंय ते, घरात काय बोलता ते नाही. इथं ज्याला त्याला अॅप इंग्रजीत. म्हणून मी तो रकाना रिकामाच ठेवते.

जाहिरात किती अंतरापर्यंत दाखवायची त्या वर्तुळाचंही तसंच. बेळगावभोवती ४० किलोमीटर टाकले की चंदगड आत येतं, राज्य बदललं तरी जाहिरातीला फरक पडत नाही. आणखी वाढवलं की गडहिंग्लज, मग निपाणी. उलट बाजूला बैलहोंगल, गोकाक. एकाच वर्तुळात दोन राज्यं आणि दोन भाषा. माझा तोडगा साधा: एका व्हिडिओत बोलणं मराठीत, पुढच्या व्हिडिओत बोलणं कन्नडात, किंमत मोठ्या आकड्यात, आणि नाव इंग्रजीत, कारण ते दोघांनाही वाचता येतं. तुम्ही ज्याला आळस म्हणता त्याला मी बजेट म्हणते. दिवसाला ३०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, एवढ्यात तीन-तीन आवृत्त्या केल्या तर एकीलाही पुरेसे लोक मिळत नाहीत.

टिळकवाडीकर
डीपीचा मुद्दा खरा आहे, तिथे अक्षर नकोच. शहापूर-वडगावच्या साडीवाल्याने काठातली एखादी बुट्टी घ्यावी.

रील_आणि_बजेट
बुट्टी! म्हणजे उद्या रांगेने वीस साडीवाल्यांच्या डीपीत कोयरी, आणि कुंदा ही इथली मिठाई विकणाऱ्यांच्या डीपीत गोल वाटी. ओळखायचं कुणाला? अक्षराने निदान नाव तरी कळतं.

काळा_दिवस_१९५६
दोघंही मूळ प्रश्न टाळताय. पाटीवर सक्ती आहे, लावतो. वेबसाइटवर, इन्स्टावर सक्ती नाही. ती एकच जागा मोकळी उरली आहे, तिथेही आपणहून कन्नड आधी काढायचं? मराठी शाळा, मराठी वाचनालयं लोकांनी वर्गणी काढून टिकवली आणि आमचे डिझायनर कन्नडपासून सुरुवात करा म्हणून शिकवतात. वेबसाइट मराठीत करा. ज्याला हवं तो भाषांतराचं बटण दाबेल.

चिक्कोडीचा
माझी घरची भाषा कन्नड, शाळा निपाणीत मराठी, म्हणून दोन्हीकडून बोलणी खातो. वरच्या साहेबांना एवढंच: भाषांतराचं बटण दाबून कुणी कुंदा मागवत नाही. मागे फिरतो आणि दुसऱ्याकडून घेतो.

पण मला टिळकवाडीकरांचंही पटलं नाही. कन्नडपासून सुरुवात करा म्हणता, तुम्हाला कन्नड वाचता येतं? इथं कित्येक मराठी डिझायनर कन्नड अक्षराकडे नक्षी म्हणून बघतात. लोंबणारं अक्षर जागेत बसत नाही म्हणून वर सरकवतात, लहान करतात, आणि शब्द वाचताच येत नाही. कन्नड माणसाला अशी पाटी दिसली की तो समजतो, यांनी नाइलाजाने लावली आहे. फॉन्ट फुकट मिळतो, वाचणारा डोळा मिळत नाही. अडीचशे रुपये देऊन गल्लीतल्या एखाद्या कन्नड मास्तरांना फाइल दाखवा, मग तीन लिप्यांच्या गप्पा.

मराठीचंही तेच चाललंय हं. वेबसाइटच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद केली नाही की पुष्कळ फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. मराठीसाठी भांडणाऱ्यांच्या कितीतरी पानांवर हिंदी ल बसलाय. एका ओळीचं काम आहे.

टिळकवाडीकर
मास्तरांचा मुद्दा मान्य, माझ्या यादीत तो नव्हता, घेतला. काळा_दिवस, तुमच्या वेबसाइटवर मराठी आधी ठेवा, मी कुठे अडवतोय? कन्नड आधी 'काढा' म्हटलं, आधी 'दाखवा' नाही.

उद्यमबाग_फाउंड्री
आमच्यासारख्यांना यात ओढू नका. कास्टिंगचं गिऱ्हाईक पुण्यात, कोइमतूरला, काही परदेशात. त्याला वजन, ग्रेड, मशीनिंगची सोय आणि सर्टिफिकेट एका पानावर हवं. इंग्रजी लोगो, इंग्रजी वेबसाइट, आणि गेटवरची पाटी नियमाप्रमाणे.

निपाणी_मसाले
एक राहिलं. ट्रेडमार्क करताना कोणत्या लिपीतलं नाव भरता? आमचा धंदा कोल्हापूर-सांगलीत जास्त, पण पत्ता कर्नाटकातला, म्हणून अर्ज चेन्नई कार्यालयाकडे. नदीपलीकडे कागलात असतो तर मुंबई. लहान उद्योगाला ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गाला ४५०० रुपये. कन्नडात भरलं तर उच्चार आणि अर्थ वेगळा लिहून द्यावा लागतो. तीन लिप्यांची तीन चित्रं वेगवेगळी नोंदवायची म्हटलं तर १३,५००. आमच्या वकिलांनी नुसतं नाव साध्या अक्षरात नोंदवायला सांगितलं, नक्षी नंतर. डिझायनर लोक हा खर्च कधी बोलत नाहीत.

खडेबाजार_कापड
बघा, मी म्हटलं नव्हतं? चार हजारापासनं सुरू झालं ते कुठं पोचलं.

रील_आणि_बजेट
काका, तुमच्या दुकानाचं गूगलवरचं पान कुणी बघितलंय का अलीकडे? वेळ चुकीची आहे, रविवारी बंद दाखवतंय. लग्नाच्या सीझनात. आधी ते दुरुस्त करा, फुकट आहे. लिप्यांचं मी आणि दादा भांडत राहू.

फ्लेक्स_गणपतगल्ली
सगळ्यांनी फ्लेक्सवाल्याला शिव्या घातल्या, चालतंय. पण आमच्याकडे काय येतं ते पण ऐका. व्हॉट्सअॅपवर पीएनजी येतं, तेही फॉरवर्ड होऊन फाटलेलं, आणि वर 'वीस बाय चारचं करा, संध्याकाळी पाहिजे'. सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची मूळ फाइल, मागितली तर डिझायनर फोन उचलत नाही. सीडीआर आलीच तर फॉन्ट कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकलेला, नसतो, आमच्या मशीनवर उघडली की कन्नडाचे सगळे काने-मात्रे विस्कटतात. मग आहे तो नुडी लावू नको तर काय करू? तिन्ही लिप्या काढा नाही तर एक काढा, कर्व्ह करून पाठवा आणि पाटीचं माप आधी विचारा.