स्वभाव जुळला, पाण्याचं काय?
'गप्पी, मोली, निऑन टेट्रा हे टाकीतले तिन्ही मासे शांत, एकत्र चालतील' हे स्वभावापुरतं खरं. पण गोव्यात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ (कमी क्षारांचं), पीएच 7 च्या खाली, म्हणजे आम्लतेकडे झुकलेलं. टेट्रा आणि तळाशी राहणाऱ्या कोरीडोरास माशांना ते मानवतं. मोलीला मात्र जड (जास्त क्षारांचं) पाणी लागतं; मऊ पाण्यात ती पर मिटून जागच्या जागी थरथरते, आणि लोक रोग समजून औषधं ओततात. कृपया ओतू नका. मोली-गप्पीच हवेत तर तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) मूठभर रिकामी कवचं उकळून, घासून, जाळीच्या पिशवीतून फिल्टरमध्ये ठेवा; कॅल्शियम हळूहळू विरघळून पाणी जड होतं. त्या टाकीत टेट्रा नकोत.

टेट्राच पाळायचे तर निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा घ्या, किमान 6-8 एकत्र. एप्रिल-मेत पाणी 29 अंशांवर गेलं की निऑन आधी खचतात.