सेमी-ऑटोमॅटिक रायफल जुळवताना पैसा नळीत घालावा की काडतुसांत?

धागाकर्ता
लक्ष्यवेधासाठी .२२ची (०.२२ इंची काडतुसाची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गोळी झाडली की पुढची आपोआप भरणारी रायफल जुळवणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे: आधी नळी. दुर्बीण, दस्ता (रायफलचा लाकडी भाग) नंतरही बदलता येतात. रिसीव्हरमध्ये (नळी जिथे बसते त्या मधल्या सांगाड्यात) घट्ट बसलेली आणि पुढे कुठेही न टेकणारी नळी नसेल तर बाकीचा खर्च पाण्यात. पालथं पडून रायफलचा पट्टा ताणला की माझे नेम एका बाजूला सरकायचे. महिनाभर स्वतःच्या श्वासाला दोष दिला. शेवटी नळी आणि दस्त्यामधल्या फटीतून कागदाची पट्टी सरकवली, तर ती मध्यावर अडकली! तेवढंच लाकूड घासलं आणि ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) जागेवर आला.

प्रतिसाद १
अहो, मग नळी तीच राहिली की! बदललं ते लाकूड. मी म्हणेन, आधी काडतुसं. हाय-व्हेलॉसिटी गोळी ध्वनीपेक्षा वेगात निघते आणि वाटेत त्या वेगाखाली उतरताना डगमगते. ५० मीटरला सेकंदाला ३३० मीटरच्या आसपासची स्टँडर्ड व्हेलॉसिटी घ्या. चार-पाच प्रकारची काडतुसं आणा, प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप काढा. तीन गोळ्यांचा ग्रुप कुणाचाही सुंदर येतो. तो पाहून नळी विकत घेऊ नका.

प्रतिसाद २
दोघांशीही असहमत. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि त्या स्पर्धांत रायफल एकेक गोळी भरूनच चालवतात. इतकी अचूकता हवी तर, दर गोळीला बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) हाताने ओढावा लागणारी बोल्ट-अ‍ॅक्शन घ्या. सेमी-ऑटोमॅटिकला बोल्ट मागे ढकलण्याइतका जोरही त्याच काडतुसातून लागतो. मंद गोळी नेमाला चांगली, पण कधी कधी रिकामं कवच बाहेर पडत नाही.

धागाकर्ता
कवच अडकतं हे खरं, मीही भोगलंय. पण सगळ्याच स्पर्धा एकेका गोळीच्या नसतात. ठरलेल्या वेळात पाच गोळ्या झाडायच्या असतील, तर बोल्टसाठी खांदा हलवावा न लागणं ही फार मोठी सोय आहे. दहा गोळ्यांचं म्हणणं मान्य.

प्रतिसाद ३
ट्रिगरबद्दल कुणीच बोललं नाही? जड, खरबरीत ट्रिगर ओढताना ऐन वेळी नळीचं तोंड हलतं, मग नळी कितीही महागाची असो. मात्र ट्रिगर घरी घासत बसू नका. तयार संच घ्या आणि जाणत्या कारागिराकडून बसवून घ्या.

प्रतिसाद १
ट्रिगरला पूर्ण सहमत. धागाकर्ते, लाकूड घासल्यानंतरचे दहा गोळ्यांचे ग्रुप टाका ना. ते बघितल्याशिवाय नवी नळी घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही.